तिथे बसून इथलं लिहिणं

आमच्या वरठीच्या रेल्वे स्टेशनाचं नाव वरठी नाही, 'भंडारा रोड' आहे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वे गेली, ती भंडारा शहराला बाजूला ठेवून आमच्या अंगणातून. गाव आमचं, पाटी भंडाऱ्याची! पहिल्यांदा येणारा पाहुणा इथे उतरतो आणि वैनगंगा शोधायला लागतो. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, अजून दहा किलोमीटर आहे, ऑटोत बस.

खुद्द भंडाऱ्याचं नावही काही सरळ नाही. छत्तीसगडातल्या रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा 1114 सालचा शिलालेख आहे. त्याला खंडणी देणाऱ्या मुलखांची यादी त्यात दिली आहे. वैरागड आणि लांजीच्या जोडीला त्या यादीत 'भाणार' येतं. हेच आपलं भंडारा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी भंडाऱ्याची दखल कुणी घेतली, तर ती पार रतनपूरला बसलेल्या राजाच्या कवीने. जवळच्या कुणी लिहून ठेवलंही असेल, पण ते आपल्यापर्यंत आलं नाही.

तर या जुन्या भंडाऱ्यावर सध्या एक कादंबरी लिहिली जात होती, आणि तीही डब्लिनमध्ये. लिहिणारी माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. अठरा वर्षं झाली तिला तिकडे. दिवसा कॉम्प्युटरचं काम आणि रात्री मुलं झोपली की तेराव्या शतकातलं भंडारा! काळ साधारण 1265 चा, देवगिरीला महादेव यादव गादीवर. नायिका वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्याची मुलगी. आणि सगळं मराठीत, बरं का. तिची मुलं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांनी कधीतरी आईचं पुस्तक वाचावं म्हणून हा खटाटोप. दोनशे पानं झाली होती.

मागच्या उन्हाळ्यात ती आली असताना एका लग्नाच्या पंगतीत विषय निघाला. आमच्याच नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तिथे हीटरजवळ बसून इथल्या मातीचं काय लिहिणार तू? इथला पावसाळा तरी आठवतो का?" पंगत हसली. तीही हसली. परत गेल्यावर तिने लिहिणं बंद केलं, त्याला आता चार महिने होतील.

हे पान घरातली मंडळी वाचतात, ते गृहस्थही वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणून जे बोलायचं ते इथेच बोलते. रागाने नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे, फक्त नवा नाही. आणि जुन्या प्रश्नाचं उत्तर मास्तरकी केलेली बाई इतिहासात नाही शोधणार तर कुठे शोधणार!

योगायोग बघा. महाराष्ट्रावरची एक गाजलेली ऐतिहासिक कादंबरी दीडशे वर्षांपूर्वी लिहिणारा माणूसही डब्लिनलाच राहत होता. कादंबरीचं नाव 'तारा', साल 1863, लेखक फिलिप मेडोज टेलर. ठगांवरची त्याची 1839 सालची कादंबरी पुष्कळांना माहीत असते, 'तारा' फारशी नसते. टेलर 1808 साली लिव्हरपूलला जन्मला. पंधरा वर्षांचा असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी म्हणून आला आणि निजामाच्या फौजेत शिरला. पुढे बरीच वर्षं सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिला. 1853 साली निजामाने वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूरचा दोआब कंपनीच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्गचा भाग याच्याकडे आला. ज्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचा 1613 सालचा पाणीमहाल आहे, तोच हा नळदुर्ग. तिथून तुळजापूर तीस-पस्तीस किलोमीटर. 1857 च्या धामधुमीत तो काही काळ आपल्या विदर्भात, बुलढाण्यालाही होता. 1860 साली तब्येत ढासळली म्हणून त्याने हिंदुस्थान सोडला आणि डब्लिनजवळ हॅरॉल्ड्स क्रॉस नावाच्या भागात घर केलं. माझ्या भाचीची ऑफिसची बस त्याच भागातून जाते!

तिथे बसून त्याने तीन कादंबऱ्यांची साखळी लिहिली. 1657, 1757 आणि 1857. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने. पहिली 'तारा'. तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी भवानीच्या सेवेला लागते. तिच्यावर वाईट नजर ठेवणारा एक कारस्थानी माणूस, इकडे शिवाजीराजांचा उदय, तिकडे विजापूरचा दरबार आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान, असा सगळा पसारा. इंग्रजी पुस्तक वाचायला मला शब्दकोश शेजारी लागतो (शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला, इंग्रजी नव्हे), त्यामुळे तीन महिने लागले. तुळजापूर, विजापूर हे शब्द त्याच्या हिज्ज्यांतून ओळखू यायलाच पहिला आठवडा गेला.

पण एकदा ओळख पटल्यावर मी थक्क झाले. तुळजापूरचं देऊळ टेकडीवर चढून नाही तर घाटाच्या उतारावर पायऱ्या उतरत गाठावं लागतं, हे ज्याने पाय दुखवून अनुभवलं आहे, त्यालाच असं लिहिता येतं. पाटील-कुलकर्णी कसे बोलतात, कुठे गप्प बसतात, हे त्याला ठाऊक आहे. इतकी वर्षं महसुलाचं काम केलेला माणूस. डब्लिनच्या हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार पडतो असं भाची सांगते. त्या अंधारात बसून या आजारी माणसाने बालाघाटचं ऊन कागदावर उतरवलं, हे मान्य करायला हवं. म्हणजे आमच्या गृहस्थांचं निम्मं म्हणणं इथेच निकालात निघालं.

उरलेल्या निम्म्याचं काय? टेलरचं चुकतंही, आणि कुठे चुकतं ते पाहण्यासारखं आहे. त्याने ताराला 'मुरळी' केलं आहे. आपल्याकडे मुरळी म्हटलं की जेजुरीचा खंडोबा. तुळजापूर म्हटलं की परडी घेतलेले आराधी डोळ्यांपुढे येतात. साखळीची पहिली कडी 1657 धरली, पण अफझलखानाचा वध झाला 10 नोव्हेंबर 1659 ला. शंभराच्या हिशेबात तो नीट बसत नाही. ही झाली तपशिलाची कुरकुर. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कथेचं वळण. विधवा मुलीचं पुढे काय, तिने सती जावं का, तिला चितेवरून कोण वाचवणार, तिला दुसरं लग्न करता येईल का, हे त्या कादंबरीतले कळीचे प्रश्न आहेत. सतीबंदीचा कायदा 1829 चा आणि विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. कादंबरी आली 1863 ला. म्हणजे 1657 च्या तुळजापुरात टेलरने आपल्या नोकरीच्या काळातले प्रश्न नेऊन ठेवले!

हे डब्लिनमुळे झालं का? मला नाही वाटत. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच बसून लिहीत असता, तरी हेच झालं असतं. कदाचित जास्तच झालं असतं. डब्लिन आणि तुळजापूर यांमधलं अंतर त्याने आठवणीने भरून काढलं; 1657 आणि 1857 मधलं अंतर मात्र त्याला दिसलंच नाही, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच जुनं, असं तो धरून चालला.

आणि हे फक्त साहेबाचं नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतात, ती 1871 ची. त्यानंतर वीसेक वर्षांनी हरिभाऊ आपटे या प्रांतात उतरले ते 'म्हैसूरचा वाघ' घेऊन, आणि ती बेतलेली होती याच टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवर. आमच्या ऐतिहासिक कादंबरीच्या मोठ्या पुरुषाने पहिला धडा गिरवला तो परदेशी माणसाच्या पाटीवर, हे आपण सहसा मोठ्याने सांगत नाही. पुढे हरिभाऊंनी 'उषःकाल' लिहिली. ती वाचताना आदिलशाहीतल्या तरुणांच्या तोंडून 1895 च्या पुण्यातली अस्वस्थता ऐकू येते. हरिभाऊ तर पुण्यातच होते, सह्याद्रीच्या उशाला!

नाथमाधवांचं उदाहरण मात्र माझ्या फार जवळचं. शिकारीला गेले असताना सिंहगडावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर अंथरुणावरून त्यांनी 'स्वराज्या'च्या कादंबऱ्यांची मालिका लिहिली. पुन्हा गड चढणं नाही, की घाट उतरणं नाही. आता सांगा, त्यांच्या खाटेपासून रायगड किती किलोमीटर धरायचा? माझी आई दुपारी चष्मा पुसून पुसून ते वाचायची, आणि लेखक कुठे बसून लिहितो याची चौकशी तिने कधी केली नाही.

आता इथेच राहणाऱ्यांकडे वळते. 1265 सालच्या भंडाऱ्यातलं एक जेवण मांडून बघा. ताटात भात आलाच. तुरीचं वरण चालेल, लाखोळीची डाळ चालेल, जवसाचं तेल चालेल. पण ठेचा? मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. आमच्या शेजारच्या भिवापूरची मिरची कितीही नावाजलेली असो, नायिकेच्या ताटात मिरे, पिंपळी आणि आलंच वाढावं लागेल. बटाटा नाही, टमाटर नाही, शेंगदाणा नाही. जेवण झाल्यावर बापाने ओट्यावर बसून विडी ओढायची नाही, कारण तंबाखूच आलेला नाही. पान खाऊ दे. नागपूरला माल विकायला जायचं म्हणाल, तर आजचं नागपूर शहर देवगडच्या बख्त बुलंदाने वसवलं 1702 च्या सुमारास. जायचं तर रामटेकला जा. तिथल्या लक्ष्मणाच्या देवळात यादवांच्या काळचा लेख आहे, म्हणजे तो पत्ता पक्का. बरं, आपला हा 'तलावांचा जिल्हा'. मालगुजारी तलाव म्हणजे आपल्याला वाटतं सृष्टीच्या आरंभापासून इथे आहेत. त्यातले बहुतेक कोहळी मंडळींनी गोंडराजांच्या काळात आणि त्यानंतर बांधले, असं मानतात, आणि 'मालगुजारी' हा शब्द तर त्याहून अलीकडचा. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात भाचीने गावाबाहेर एक मोठा तलाव ठेवला होता, तो तिने स्वतःच काढून टाकला. मला कळवलं नव्हतं, मी विचारल्यावर म्हणाली, "आत्या, तो माझ्या लहानपणचा तलाव होता, तिचा नव्हता."

पंगतीतले किती जण हे काढू शकले असते? रोज मिरची खाणाऱ्याला मिरची परकी वाटत नाही. दूर गेलेल्याला निदान एवढं तरी कळतं, की आपल्याला तपासून घ्यायला हवं.

आता कादंबरीच्या मुळाशी असलेल्या पुस्तकाबद्दल. चक्रधरस्वामींचं 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी स्वामींच्या प्रयाणानंतर, 1278 च्या सुमारास सिद्ध केलं. त्याच्या एकांकात स्वामी भंडाऱ्याला येतात आणि तिथे त्यांना निळभट भांडारेकार भेटतात. आपल्या भंडाऱ्याचा, नावानिशी माहीत असलेला, तेराव्या शतकातला माणूस! पण हे आपल्या आजे-पणज्यांना माहीत नव्हतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले होते. पंथाबाहेरच्या लोकांना ते विसाव्या शतकात वाचता आले. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी 1930 च्या दशकात लीळाचरित्र छापायला घेतलं, आणि वि. भि. कोलत्यांची मोठी आवृत्ती 1978 ची. त्याआधी सहाशे वर्षं भंडाऱ्याचे लोक भंडाऱ्यात राहिले, वैनगंगेत अंघोळ केली आणि निळभटाचं नाव त्यांच्यापैकी पंथातल्या मोजक्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. जवळ राहून काय झालं?

म्हाइंभटांची पद्धत मला फार आवडते. स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं नाही. ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, मग नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर दोन्ही नोंदवायच्या. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि लोकांच्या तोंडपाठ असलेल्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, तेव्हा हीच शिस्त कामी आली. टेलरकडे डोळे होते, अनुभव होता, कळकळही होती. त्याला एखादा म्हाइंभट भेटायला हवा होता.

आणि ज्यांच्या बोलण्यातून मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला, ते चक्रधर कुठले? भडोचचे, गुजरातचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून घरातून निघाले ते ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचले आणि पुढे इथल्याच भाषेत बोलत राहिले. त्यांना कुणी पंगतीत विचारलं असेल का, की बाबा, तुला इथला पावसाळा माहीत आहे का?

भाचीने मला एक गंमत सांगितली. तिच्या डब्लिनचा सगळ्यात मोठा लेखक जेम्स जॉइस. त्याने डब्लिनवरची कादंबरी 'युलिसिस' त्रिएस्त, झुरिक आणि पॅरिसमध्ये राहून लिहिली, 1922 साली ती छापून आली. लिहिताना तो डब्लिनला आपल्या आंटला पत्रं पाठवायचा. अमुक रस्त्यावरच्या सात नंबरच्या घराचं लोखंडी कठडं साध्या माणसाला ओलांडता येईल का, तेवढं बघून कळवा! ही आंट म्हणजे त्याच्या आईच्या भावाची बायको, आपल्या हिशेबाने मामी. त्या माउलीने घरचं काम टाकून कठड्याची उंची बघायला जायचं. मला तिच्याबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्याकडे मामीच्या जागी आत्या आहे, एवढाच फरक. आणि पत्राऐवजी व्हॉट्सअ‍ॅप.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते, आणि ती मी भाचीला सांगितली आहे. तिची नायिका एका जागी म्हणते, की माझ्या आयुष्याचा निर्णय मी घेईन. वाक्य चांगलं आहे, मलाही आवडलं असतं वीस वर्षांची असताना. पण ते वाक्य डोंगा चालवणाऱ्याच्या मुलीचं नाही, ते टेलरच्या चितेच्या जातीचं आहे. नायिकेने बंड करू नये असं माझं म्हणणं नाही. लीळाचरित्रातल्या बायका काय कमी धीट आहेत? महादाइसा तर प्रश्न विचारून विचारून स्वामींनाही सोडत नाही. पण तिचे प्रश्न तिच्या काळाचे आहेत. ते शोधायला हवेत. ते डब्लिनमध्ये सापडणार नाहीत, तसे वरठीतही नाहीत. ते त्या पोथीतच आहेत, आणि पोथी दोघींकडेही आहे.

आता त्या पावसाळ्याचं आणि नदीचं. भाची 2007 साली गेली. तिला आठवते ती वाहती वैनगंगा. उन्हाळ्यात पात्र आटायचं, रेतीचे लांबच लांब पट्टे उघडे पडायचे, त्यात ढिवरांच्या डांगरवाड्या लागायच्या, आम्ही तिथून टरबूज घेऊन यायचो. त्यानंतर पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात पाणी अडवलं गेलं (पायाभरणी 1988 चीच, पण पाणी साठायला पुढे किती वर्षं लागली ते आपण सगळ्यांनी पाहिलं), आणि आता धरणाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो. रोज पुलावरून जाणाऱ्या पोराला भंडाऱ्याजवळ साचलेलं, संथ पाणी दिसतं. त्याला तेच वैनगंगा वाटणार, त्याचा काय दोष? 1265 च्या नदीच्या जास्त जवळ जाणारी नदी आज इथे राहणाऱ्या पोरांपेक्षा त्या दूर गेलेल्या मुलीच्या डोक्यात आहे. हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

गेल्या आठवड्यात मी नदीकाठच्या एका गावी जाऊन ऐंशीच्या घरातल्या एका ढिवर बाबांना भेटले. अख्खं खोड कोरून केलेला डोंगा त्यांनी स्वतः चालवलेला आहे. आषाढाच्या पुरात नदी कशी ओलांडायची, असं विचारलं. ते म्हणाले, "बाई, पुरात कोण ओलांडते? पाणी उतरेपर्यंत या तीरचा माणूस या तीरी, त्या तीरचा त्या तीरी." मी तेवढंच भाचीला लिहून पाठवलं. परवा तिच्याकडून चार पानं आली. आषाढ आहे, पूर आहे, बाप पैलतीरावर अडकला आहे आणि मुलगी अलीकडे एकटी सहा दिवस वाट बघते आहे.

सोबत नवा प्रश्नही आहे. उन्हाळ्यात रेतीत झिरा खणून पाणी काढतात, ते कशाने भरून घ्यायचे? पितळेची वाटी त्या घरात असेल का? मला वाटतं वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा असावा. पण बाबांना विचारून कळवते, असं तिला लिहिलं आहे.